सोमवारचा दमा

मोडलेला हात सर्वांना दिसतो. क्षयाची छाया क्ष-किरणांच्या फोटोत दिसते. पण कापसाच्या धुळीने बिघडलेली छाती फोटोत पुष्कळदा स्वच्छच दिसते, आणि मग त्या माणसाला कोणी रोगी म्हणायला तयार होत नाही. या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. महाड-पोलादपुराकडून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

गाठी फोडून कापूस पिंजतात ती ब्लोरूम आणि नंतरचे कार्डिंग खाते, येथे धूळ सर्वांत जास्त. ही धूळ नुसत्या तंतूंची नसते. कपाशीच्या वाळक्या पाल्याचा चुरा आणि त्यावरच्या जंतूंचे विष तीत असते. त्याने श्वासनलिका आकसतात. गंमत अशी (गंमत कसली!), की सुरुवातीला त्रास फक्त सोमवारी होतो. रविवारच्या विश्रांतीत शरीराची धुळीची सवय सुटते. सोमवारी पाळी सुरू झाल्यावर काही तासांत छाती आवळते, मंगळवारी हलके वाटते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. तिच्या दुसऱ्या दिवशी माणूस धापा टाकू लागला, की जॉबरचा हिशेब ठरलेला : काल ढोसली असणार! पुढे त्रास रोजचा होतो, आणि तेव्हा तो विडीच्या माथी मारतात. विडीने तो वाढतो हे खरे. पण विडी न ओढणाऱ्यालाही तो होतो.

मग ओळखावा कसा? इटलीच्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० सालीच सांगून ठेवले, की रोग्याला तुझा धंदा कोणता हे विचारा. दुसरा उपाय फुंकण्याच्या यंत्राचा. सोमवारी पाळीआधी आणि पाळीनंतर, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजायचे. आकडा घसरला तर धुळीवर संशय धरायला जागा आहे.

कामगार राज्य विमा कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात या रोगाचे नाव होते. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडली, आणि मोजायला सोमवारच उरला नाही. माणूस गावी आला. घाटी चढताना दर वळणावर थांबतो. भाऊबंद म्हणतात, मुंबईने आळशी केला. कोणी त्याला सवच्या ऊन पाण्याच्या कुंडावर नेतात. त्या पाण्याने दुखऱ्या सांध्यांना आराम वाटेल, पण कायमच्या आकसलेल्या नलिका मोकळ्या होत नाहीत.

अशा माणसाला डॉक्टरकडे नेताना एक कागद बरोबर न्यावा. कोणते खाते, किती वर्षे, छाती प्रथम केव्हा आवळली आणि ती सोमवारी आवळत होती काय, एवढे त्यावर लिहावे. पत्र्याच्या पेटीत गिरणीचा जुना पास सापडला, तर तोही जोडावा.