हे पॅकेज आलं कुठून?

सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबाबरवा अभयारण्याजवळ वसलेलं सोनाळा हे संग्रामपूर तालुक्यातलं गाव. इथला कापूस जिनिंगमध्ये जाऊन त्याची गाठ बांधली गेली, की तिच्यावर प्रेसचा मार्क, लॉट नंबर आणि गाठीचा नंबर पडतो. पुढे कापसात खोट निघाली तर या नंबरांवरून माग काढता येतो. संगणकातल्या सॉफ्टवेअरचाही असा माग लागला पाहिजे. तो ठेवण्याची जबाबदारी सॉफ्टवेअरची पॅकेजेस बसवणाऱ्या पॅकेज मॅनेजरची.

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स प्रणालीत हे काम डीपीकेजी आणि ॲप्ट ही जोडी करते. आपण बसवतो ते तयार पॅकेज; ते ज्यापासून बनलं ते मूळ पॅकेज वेगळं. एका मूळ पॅकेजातून कधी दहा-वीस तयार पॅकेजेस निघतात. म्हणून तयार पॅकेजाच्या माहितीत ‘सोर्स’ नावाची ओळ असते. दोन्हींचं नाव आणि आवृत्ती एकच असेल तर ती ओळ लिहीतच नाहीत.

आपल्या रोजच्या वापरातलं उदाहरण लोहित मराठी या फॉन्टचं. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ पडद्यावर नीट दिसावा म्हणून तो महत्त्वाचा. रेड हॅट कंपनीने पुढे आणलेले लोहित फॉन्ट २०११ पासून ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत. हे काम फेडोराहोस्टेड या संकेतस्थळावर चाले. ते २०१७ साली बंद झालं आणि लोहित पॅग्युअर या दुसऱ्या संकेतस्थळावर गेला. जुन्या पॅकेजांत लिहिलेला पत्ता त्यामुळे आज निरुपयोगी आहे. तरी मूळ हरवत नाही, कारण डेबियन केवळ पत्त्यावर विसंबत नाही. मूळ फाइलींची प्रत स्वतःच्या भांडारात ठेवते, प्रत्येक फाइलीची एसएचए-२५६ बेरीज (चेकसम), म्हणजे तिची ओळख पटवणारा आकडा, नोंदवते आणि त्या नोंदीवर पॅकेज करणाऱ्याची डिजिटल सही असते. ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

पण या व्यवस्थेत एक मोठी उणीव आहे. पॅकेज कोणत्या भांडारातून उतरवलं, हे डीपीकेजी आपल्या नोंदवहीत लिहीत नाही. ॲप्टला विचारलं तर तो बसवलेली आवृत्ती सध्याच्या भांडारांच्या याद्यांशी ताडून उत्तर देतो. भांडार यादीतून काढून टाकलं, किंवा पॅकेज कोणी पेन ड्राइव्हवर आणून बसवलं, तर उत्तरात उरते फक्त संगणकावरची स्थानिक नोंद. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीचा पॅकेज मॅनेजर डीएनएफ मात्र भांडाराचं नाव सांगणारी ओळ जपून ठेवतो. जिथे इंटरनेटला वेग नसतो आणि फाइली हातोहात फिरतात, तिथे ही एक ओळ फार कामाची. ती डेबियनमध्येही असायलाच हवी होती.

नोंद असूनही फसगत होते, हे २९ मार्च २०२४ ला जगाने पाहिलं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरण्याच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. शोध घेता फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत चोरवाट सापडली. ती चालू करणारी फाइल सोर्स कोड ठेवणाऱ्या गिटच्या उघड भांडारात नव्हती. प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात तेवढी घातलेली होती. गठ्ठ्यावर सही होती, बेरीजही जुळत होती. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ती पोचली नाही, एवढंच सुदैव.

म्हणजे मूळ कोणतं हे लिहिणं पुरेसं नाही. त्या मुळातून तेच पॅकेज पुन्हा तयार होतं का, हेही तपासावं लागतं. डेबियनमध्ये २०१३ पासून ‘रिप्रोड्युसिबल बिल्ड्स’चं काम चालू आहे ते यासाठीच. पॅकेज बांधताना कोणती साधनं, कोणत्या आवृत्तीची होती, हे ‘बिल्डइन्फो’ फाइलीत नोंदवलं जातं. दुसऱ्याने तसंच बांधून पाहावं आणि बाइट-न्-बाइट जुळते का ते बघावं.

सोनाळ्यासारख्या गावात शाळेचे किंवा सेवा केंद्राचे संगणक सांभाळणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे. पॅकेज बाहेरून आणून बसवाल तेव्हा फाइलीचं नाव, ती घेतली ते ठिकाण, तारीख आणि तिची बेरीज एका वहीत लिहून ठेवा. डीपीकेजी ते तुमच्यासाठी लिहीत नाही.