खेळाविषयीची मनोवृत्ती बदलता येते

‘खेळून काय पोट भरते?’ भंडारा जिल्ह्यातल्या घराघरांत आपण हे ऐकतो. ही मनोवृत्ती जन्मजात नसते. घरातले बोलणे, सोबती आणि मैदानावरचे अनुभव यांतून ती घडते. क्रीडा मानसशास्त्रानुसार तिचे तीन भाग असतात: आपण काय मानतो, मनाला काय वाटते आणि कसे वागतो. यांतला एक बदलला, तर मनात विसंगती येते आणि बाकीचेही बदलू शकतात.

चर्मकार समाजातले गोलंदाज पालवणकर बाळू पुण्यात सवर्णांच्या संघातून खेळत. चेंडू तोच, पण त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० मध्ये त्यांच्या भावांनी निषेध म्हणून संघ सोडला. अखेर १९२३ मध्ये भाऊ विठ्ठल कर्णधार झाले. कामगिरी आणि निषेध या दोन्हींनी मने हलवली.

आपण घरापासून सुरुवात करू. लेकीला नुसता उपदेश नको. रोज वीस मिनिटे विहाराच्या अंगणात तिच्यासोबत धावू. गाठता येईल असे लहान ध्येय ठेवू, हरली तरी मेहनतीचे कौतुक करू. ‘मला जमत नाही’ हे तिचे मत तिचाच अनुभव खोडून काढील.