दुधाचे दात आणि सहावी दाढ

धान्याच्या व्यापारात ज्याची हयात गेली त्यास कीड म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. उदगीरच्या मोंढ्यातून आलेले तुरीचे पोते उस्मानगंजात उतरले की आम्ही प्रथम त्यात नळी खुपसून नमुना काढतो, तळहातावर पसरून पाहतो आणि मगच भाव बोलतो. चाळीस वर्षे हा परिपाठ पाळणाऱ्या आम्हांस स्वतःच्या नातवाच्या तोंडात मात्र वेळेवर पाहण्याचे सुचले नाही. झालेली चूक आपल्या व्यापारी बंधूंपुढे मांडल्यास इतर घरांतील बालकांचे तरी हित होईल, एवढ्याच हेतूने हे चार शब्द लिहीत आहोत.

आमचा नातू त्या वेळी साडेसात वर्षांचा होता. त्याच्या खालच्या जबड्यात अगदी मागील दाढेवर काळा ठिपका दिसू लागला. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, डॉक्टरांना दाखवून आणावे का?" आम्ही मोठ्या अनुभवाच्या आवाजात उत्तर दिले, "दुधाचीच दाढ आहे. आज ना उद्या पडेल. लवंगेचे तेल लावा." ठणका थांबला, आम्ही विसरलो. पुढे ऐन दिवाळीच्या हंगामात एका रात्री मुलाचा गाल सुजला, ताप चढला आणि तो पहाटेपर्यंत कण्हत राहिला. दंतवैद्यांनी क्ष-किरण फोटो काढून आमच्यासमोर धरला व म्हणाले, "शेठजी, ही दुधाची दाढ नव्हे. ही सहाव्या वर्षी आलेली पक्की दाढ. हिच्या जागी दुसरी येणार नाही." दाढ काढावी लागली. दोष सर्वस्वी आमचा होता.

ही भूल घरोघरी होते, कारण ही दाढ गुपचूप येते. पुढचा पक्का दात येताना दुधाचा दात हलतो, पडतो, मुले तो सर्वांना दाखवीत फिरतात. परंतु सहा वर्षांच्या सुमारास येणारी पहिली पक्की दाढ कोणाचीही जागा घेत नाही. दुधाच्या सर्व दातांच्या मागे नवीन जागेत उगवते. दुधाचे दात एकंदर २०, म्हणजे प्रत्येक जबड्यात मध्यापासून एकेका बाजूस ५. म्हणून हिशेब सोपा आहे: मध्यापासून मोजीत जावे, सहावा दात दिसला तर तो जन्माचा सोबती समजावा.

मग दुधाचे दात किडले तर चालते काय? तेही नाही. दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात व खालून येणाऱ्या पक्क्या दातांची जागा राखून धरतात. त्या अकाली गेल्या की शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि पुढे येणारे दात वाकडे येतात. अशा वेळी जागा राखण्यासाठी दंतवैद्य तारेची लहानशी कडी बसवितात. कीड थोडी असल्यास दात भरता येतो. खोल गेल्यास दुधाच्या दाढेच्या मुळावरही उपचार होतो व वर पोलादी टोपी बसते. नव्या पक्क्या दाढेच्या खाचांत अन्न अडकू नये म्हणून त्या लेपाने बुजविता येतात. ह्यास ना सुई लागते, ना वेदना होते.

दातात किडा शिरतो ही समजूत खोटी आहे. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल बनवितात व ते आम्ल दात झिजविते. म्हणून साखर किती खाल्ली ह्याहून ती किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचे. जेवणाबरोबर खाल्लेल्या एका लाडवापेक्षा दिवसभर चघळलेल्या गोळ्या अधिक घातक. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची आपली रीत दातांनाही हितकर आहे. परंतु लहानग्यास निजताना दिलेली साखरेच्या दुधाची बाटली तो लाभ घालविते.

पहिला दात दिसताच, साधारण सहाव्या महिन्यापासून, तो स्वच्छ करण्यास आरंभ करावा व वर्षाच्या आत मूल एकदा दंतवैद्यास दाखवावे. फ्लोराइडयुक्त पेस्टचे माप आम्हां धान्यवाल्यांस सहज कळेल असे आहे: तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. दिवसातून दोनदा, त्यांपैकी एकदा निजण्यापूर्वी, आणि वडीलधाऱ्यांच्या हाताने.

फ्लोराइडचे नाव काढताच नलगोंड्याकडील आमचे बंधू दचकतील, व ते योग्यच आहे. तेथील विहिरींच्या पाण्यात हे द्रव्य अधिक असल्याने पिढ्यान्पिढ्या मुलांचे दात डागाळले व अनेकांची हाडे वाकली. पाण्यातून फ्लोराइड काढण्याची तुरटी व चुन्याची रीत नागपूरच्या 'नीरी' संस्थेने १९७०च्या दशकात सिद्ध केली. ती जगभर नलगोंड्याच्याच नावाने ओळखली जाते. २०१६ साली उद्घाटन झालेल्या मिशन भगीरथ योजनेने नद्यांचे शुद्ध पाणी नळाने खेडोपाडी नेण्याचे काम हाती घेतले. सारांश, मीठ जसे वरणात, तसे हे द्रव्य: बेताने गुणकारी, अति झाल्यास अपायकारक. पिण्याच्या पाण्यात ते दर लिटरला १ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. कूपनलिकेचे पाणी पिणाऱ्यांनी ते तपासून घ्यावे व पेस्टविषयी डॉक्टरांस विचारावे.

खेळताना पक्का दात मुळासकट निखळून पडल्यास मूळ न चोळता तो वरच्या भागास धरून उचलावा, थंड दुधात ठेवावा आणि तासाभराच्या आत दंतवैद्य गाठावा. तो पुन्हा बसू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

खर्चाची सबब आमच्या शहरात फारशी टिकणारी नाही. बेगमबाजारापासून हाकेच्या अंतरावर, अफझलगंजात, १९५९ साली सुरू झालेले सरकारी दंतमहाविद्यालय व रुग्णालय आहे. आपण रोज त्यावरून जातो, आत मात्र दात ठणकल्यावरच शिरतो.

संघाच्या कार्यकारिणीस आमची दोन विनम्र निवेदने आहेत. पुढील वार्षिक संमेलनात एक दंतवैद्य बोलावून सभासदांच्या सर्व मुलांचे दात तपासून घ्यावेत. आणि मुलांना प्रभावना म्हणून गोळ्या-बत्ताशांऐवजी वही अथवा ब्रश द्यावा.

नातवाची धाकटी बहीण यंदा सहा वर्षांची झाली. गेल्या महिन्यात आम्ही तिला दिवाणखान्यात बसविले. नातवाने बॅटरी धरली आणि आम्ही मोजले. सहावी दाढ आली होती. दुसऱ्याच दिवशी दुकान तासभर उशिरा उघडले, पण दाढेच्या खाचा बुजवून झाल्या होत्या. आमच्या वाचक बंधु-भगिनींनीही आज रात्री आपापल्या घरी एकदा मोजून पाहावे, हीच विनंती.