विजेवरच्या मोटरसायकलचा गिअर रेशो

पेट्रोलची मोटरसायकल विजेवर आणताना मोटरच्या किती फेऱ्यांत मागचे चाक एकदा फिरवायचे, हे आधी ठरवावे लागते. हाच गिअर रेशो. मोटरचा कमाल वेग बॅटरीच्या व्होल्टेजवर अवलंबून असतो. समजा, ७२ व्होल्टवर मोटर मिनिटाला ४,००० फेरे घेते आणि चाकाचा परीघ १.९ मीटर आहे. ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ७०० वेळा फिरते. म्हणजे रेशो साधारण ५.७. भार पडला की फेरे उतरतात, त्यामुळे प्रत्यक्ष वेग थोडा कमीच मिळतो.

खरा कस घाटात लागतो. रेशो कमी ठेवला तर कागदावर वेग वाढतो, पण चढावर मोटर जास्त करंट ओढते. करंट दुप्पट झाला की वेटोळ्यांतली उष्णता चौपट होते. शंका असेल तिथे वेगावर पाणी सोडलेले बरे.

पुढची अडचण जागेची. १४ आणि ४४ दात्यांचा चेनसेट जेमतेम ३.१ रेशो देतो. ५.७ साठी पुढे ११ दाते घेतले, तर मागे ६२-६३ लागतात. अर्धा इंच पिचच्या चेनला हे स्प्रॉकेट पंचवीस सेंटिमीटर व्यासाचे होते. शिवाय पुढच्या लहान स्प्रॉकेटवर चेन आवाज करते, लवकर झिजते. म्हणून मध्ये एक जादा शाफ्ट बसवतात: आधी पट्ट्याने २, मग १४ आणि ४० दात्यांच्या चेनसेटने २.८६. जुना गिअरबॉक्स ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. पण मोटर थांबलेल्या अवस्थेपासूनच जोर देते, त्यामुळे बहुतेकदा तो नुसते वजन आणि घर्षण वाढवतो.