डिशवॉशरमधील हीटर: रचना, निदान आणि बदल

भांडी धुण्याच्या घरगुती यंत्रात पाण्याचा मारा करणारा पंप आणि गरगर फिरणारे फवारे आधी नजरेत भरतात. परंतु तुपातेलाने माखलेली कढई स्वच्छ होण्यात पाण्याच्या उष्णतेचा वाटा फार मोठा असतो, आणि ती उष्णता निर्माण करणारा हीटर निकामी झाला तर बाकीचे यंत्र सुरळीत चालूनही भांडी ओशट आणि ओली राहतात, डिटर्जंटची वडी अर्धवट विरघळते आणि धुण्याचा कार्यक्रम लांबत जातो. कन्हान नदीकाठी 1821 साली लष्करी छावणी म्हणून वसलेल्या कामठीत डिशवॉशरपेक्षा गिझर आणि बादलीत सोडायचा रॉड अधिक परिचयाचे असले, तरी तिन्ही उपकरणांतील तापणारा घटक मुळात एकच आहे. म्हणूनच त्याची परीक्षा कशी करावी आणि तो बदलण्यापूर्वी बिघाडाचे मूळ कसे शोधावे, हे ज्ञान कोणत्याही घराला उपयोगी पडणारे आहे.

अमेरिकेतील जोसेफिन कॉक्रेन यांना 1886 साली ज्या यंत्राचे पेटंट मिळाले, त्यात भांड्यांच्या आकाराप्रमाणे तारांचे कप्पे होते आणि त्यांवर पाण्याचा जोरदार मारा होत असे. यंत्राने स्वतःच पाणी तापवण्यासाठी लागणारी तार त्यानंतर आली: 1906 साली अल्बर्ट मार्श यांनी निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे पेटंट मिळवले. नायक्रोम या नावाने ओळखली जाणारी ही तार लालबुंद झाली तरी लवकर गंजत नाही, कारण तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक थर तयार होतो. आजच्या हीटरमध्ये या तारेचे वेटोळे धातूच्या नळीच्या मध्यभागी बसवलेले असते आणि भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड घट्ट दाबलेली असते. ही पूड उष्णता बाहेर जाऊ देते, पण वीज अडवते. जुन्या रचनेत ही नळी यंत्राच्या तळाशी उघडी दिसते, तर अनेक नव्या यंत्रांत हीटर पंपालाच जोडलेला असल्याने पंपासह संपूर्ण जोडणी बदलावी लागते.

हीटरचे निदान साध्या गणितावर उभे आहे. व्होल्टेजच्या वर्गाला वॅटने भागले की तारेचा रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध, ओहममध्ये मिळतो. त्यानुसार 230 व्होल्टवर 2000 वॅटच्या हीटरचा रोध सुमारे 26 ओहम येतो आणि तो जवळपास 8.7 अँपिअर वीज घेतो, म्हणून त्याला 16 अँपिअरचा सॉकेट आणि पक्के अर्थिंग लागते. चार लिटर पाणी 25 अंशांवरून 65 अंशांवर नेण्यास असा हीटर, भांडी आणि यंत्र तापण्यात जाणारी उष्णता वगळता, साडेपाच ते सहा मिनिटे घेतो. याच सूत्राची दुसरी बाजू कामठीत विशेष महत्त्वाची ठरते: कोराडीचे औष्णिक वीजकेंद्र जवळच असले, तरी उन्हाळ्यात सगळीकडे कूलर एकदम सुरू झाल्यावर एखाद्या वस्तीतील व्होल्टेज 190 वर उतरले, तर 2000 वॅटचा हीटर जेमतेम 1365 वॅट देतो. अशा वेळी दोष हीटरचा नसून पुरवठ्याचा असतो, आणि नवा हीटर बसवून तो दूर होत नाही.

हीटरचे आयुष्य घटवणारे कारण मात्र पाण्यात दडलेले असते. बोअरच्या पाण्यात जमिनीतून विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार सहसा अधिक असतात. असे दुष्फेन, म्हणजे साबणाला नीट फेस न येऊ देणारे पाणी तापले की त्यातील बायकार्बोनेटचे न विरघळणाऱ्या कार्बोनेटमध्ये रूपांतर होते आणि नळीवर पांढरट थर चढतो. हा थर उष्णता नीट वाहू देत नसल्याने आतली तार प्रमाणाबाहेर तापते. पुढे तार तुटते किंवा नळीला तडा जाऊन पुडीत ओल शिरते आणि वीज बाहेरच्या धातूत उतरू लागते. हे टाळण्यासाठी अनेक डिशवॉशरमध्ये पाणी मृदू करणारी राळ असते आणि ती पुन्हा कार्यक्षम करण्यासाठी यंत्रासाठीचे जाडे मीठ घालावे लागते. स्वयंपाकाचे आयोडीनयुक्त मीठ त्यासाठी चालत नाही.

परीक्षेचा क्रम बाहेरून आत जाणारा असावा. प्रथम व्होल्टेज, निवडलेला कार्यक्रम, गाळणी आणि पाण्याचा दाब तपासावा, कारण पुरेसे पाणी नसेल तर यंत्र हीटर सुरूच करत नाही. त्यानंतर नळ बंद करून आणि प्लग सॉकेटमधून काढून, केवळ बटण बंद करून नव्हे, यंत्र ओढून घ्यावे, तारांच्या जोडणीचे छायाचित्र घ्यावे आणि हीटरच्या दोन्ही तारा सोडवाव्यात. त्या जोडलेल्या राहिल्या तर मीटरचा प्रवाह दुसऱ्या वाटेने जाऊन आकडा फसवा येऊ शकतो. मल्टीमीटर ओहमवर ठेवून दोन टोकांमध्ये गणिताने येणाऱ्या आकड्याच्या आसपास रोध दिसला, तर तार शाबूत आहे. मीटरने काहीच जोडणी दाखवली नाही, तर ती तुटली आहे. मग प्रत्येक टोक आणि नळीचा धातू यांमध्ये मोजावे: येथे कोणतीही जोडणी दिसणे हा गळतीचा पुरावा आहे. मात्र साध्या मीटरचे व्होल्टेज कमी असल्याने सूक्ष्म गळती त्यातून निसटते, म्हणून गळती पकडणारा आरसीसीबी वारंवार पडत असेल, तर इलेक्ट्रिशियनकडून 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे गळती मोजणाऱ्या खास मीटरने, परीक्षा करून घेणे योग्य. हीटर निर्दोष निघाला, तर तापमान ओळखणारा थर्मिस्टर, अतितापाला प्रवाह तोडणारा कटआऊट, नियंत्रण मंडळावरील हीटरची वीज चालू-बंद करणारा रिले आणि जळून काळी पडलेली टोके यांकडे वळावे. चालू विजेवरील मोजमाप मात्र प्रशिक्षित माणसावरच सोपवावे.

बदलाचा निर्णय झाला की दाराच्या कडेवरील पट्टीवरून यंत्राचा पूर्ण क्रमांक उतरवून घ्यावा आणि नवा भाग आकार, व्होल्ट आणि वॅट तिन्ही जुळवून आणावा. अधिक वॅटचा हीटर लवकर तापेल असे मानणे धोक्याचे आहे, कारण तारा आणि रिले मूळ प्रवाहापुरत्याच बेतलेल्या असतात. रबरी गॅस्केट नवे लावावे, नट प्रमाणात आवळावा, अर्थिंगची तार आठवणीने परत जोडावी, टोके सैल राहिली नाहीत याची खात्री करावी आणि पाणी भरून गळती नसल्याचे पाहिल्यावरच वीज द्यावी. हमीची मुदत चालू असलेले यंत्र उघडण्याआधी तिच्या अटी वाचणेही तितकेच आवश्यक आहे.

हीटर बदलणे हे अखेर चार-दोन नटांचे काम आहे. त्याचे खरे मूल्य त्याआधीच्या शोधात आहे. कारण क्षार, सैल जोड किंवा चिकटलेला रिले तसाच ठेवून बसवलेला नवा भाग जुन्याच कारणाने पुन्हा निकामी होतो. ज्या घरात आधी मोजमाप, मग कारण आणि शेवटी खरेदी हा क्रम पाळला जातो, तेथे पैसा वाचतो, चांगले यंत्र भंगारात जाण्यापासून वाचते आणि पाणी व वीज एकत्र हाताळणाऱ्या उपकरणाबद्दल अनाठायी भीतीऐवजी जाणती सावधगिरी रुजते.