आधी उजेड बघा, मग मोबाइल काढा

"माझा फोटोच चांगला येत नाही," असं गटाच्या बैठकीत निम्म्या जणी तरी म्हणतात. कुणी रंगाला दोष देतं, कुणी वयाला, कुणी स्वस्तातल्या मोबाइलला. मैत्रिणींनो, दोष बहुतेक वेळा बसायच्या जागेचा असतो.

आणि फोटो आता हौसेपुरता राहिलेला नाही. अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार देताना २०२५ पासून चेहरा ओळखायची पद्धत आली. सरकारी पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवून काढता येतो. त्यात मोबाइल डोळ्यांची उघडझाप करायला सांगतो. डोळेच सावलीत बुडालेले असले तर तो अडून बसतो, मग दहा वेळा तेच करा. शेंगा चटणी, कडक भाकरी विकायची तरी गिऱ्हाइकाला करणारीचा चेहरा दिसलेला बरा.

आपल्या मंद्रूप भागातल्या जुन्या माळवदाच्या घरात भिंती जाड, खिडक्या लहान आणि उजेड वरून, साण्यातून. त्याच्या खाली बसवून फोटो काढला की कपाळ नि नाक चमकतं, डोळ्यांच्या खोबणीत काळं पडतं. माणूस आजारी वाटतो. छताला लावलेला बल्बही तेच करतो. म्हणून डोक्यावरचा उजेड टाळायचा आणि समोरचा धरायचा. समोरचा म्हणजे दाराचा.

स्टूल दाराच्या आत, उन्हाची तिरीप जिथं संपते तिथून दीड-दोन हातांवर ठेवा. उन्हात नको, डोळे बारीक होतात. फार आतही नको, कारण उजेड फार भरभर कमी होतो. खिडकीपासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नाही, जवळजवळ पाव उरतो. (दार मोठं असल्यानं तिथं जरा सावकाश उतरतो, पण उतरतोच.) उत्तरेचं दार असेल तर फारच छान. तिकडून वर्षातले बरेच महिने थेट ऊन आत येत नाही. विजेचे दिवे नव्हते तेव्हा चित्रकार आणि स्टुडिओवाले उत्तरेचा उजेड धरूनच काम करायचे. ऊन येतंच असेल तर दारावर पांढरं पातळ धोतर बांधा. ऊन गाळून येतं, सावल्या मऊ होतात.

आता कागदपत्राचा फोटो आणि विक्रीचा फोटो वेगळा काढायचा. कागदपत्राला तोंड सरळ दाराकडे. काढणारी दारात उभी राहते, पण बाजूला सरकून, नाही तर तिचीच सावली पडते. दोन्ही गालांवर सारखा उजेड हवा, मागे पांढरी भिंत हवी, पण तिला टेकून बसू नका, मागे सावली उमटते. पदर डोक्यावर असू द्या, फक्त कपाळावर सावली येणार नाही इतका मागे घ्या.

विक्रीच्या पानासाठी किंवा महालक्ष्मी सरसच्या स्टॉलवर लावायला फोटो हवा असेल तर स्टूल थोडं फिरवा. दार एका बाजूला, जरासं पुढं. एक गाल उजळ, दुसरा थोडा मंद, म्हणजे चेहऱ्याला उठाव येतो. हातात दिवा धरलेल्या बाईचं चित्र तुम्ही पाहिलं असेल. बरेच जण ते रविवर्म्याचं समजतात, पण ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं जलरंगातलं चित्र आहे. समोर उभी होती त्यांची मुलगी. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यात उजेड एकच, हातातल्या दिव्याचा, बाकी सगळा अंधार. उजेड एकच पुरतो, तो कुठून येतो हे कळलं म्हणजे झालं.

मंद गाल फारच काळा पडला तर त्या बाजूला कुणाला तरी पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तुकडा धरून उभं करा. उजेड त्यावर आपटून गालावर येतो. सोलापुरी चादर कितीही नावाजलेली असली तरी इथं धरू नका, लाल चादरीचा लाल रंग गालावर उतरतो. मागे पडदा म्हणून लावा हवी तर.

दाराचा उजेड वापरताना घरातला बल्ब बंद करा. दोन्ही एकत्र आले की अर्धं तोंड पिवळं, अर्धं निळसर दिसतं. काही ट्यूब, दिव्यांखाली फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. मोबाइलचा फ्लॅश तर नकोच.

मोबाइलची काच पदराने पुसा. शेंगदाण्याच्या तेलाचं बोट लागलेलं असतं, त्यानं सगळं धुरकट येतं. मागचा कॅमेरा वापरा, चार-पाच फुटांवरून काढा, जवळून नाक मोठं दिसतं. पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवलं की मोबाइल चेहऱ्याचा उजेड धरतो. काळ्या भिंतीसमोर चेहरा पांढराफटक आला तर तिथंच सूर्याचं चिन्ह खाली ओढा. गोरं करणारं बटण मात्र बंदच ठेवा. कागदपत्राच्या फोटोत ते अडचण करतं, आणि स्टॉलवर गिऱ्हाईक फोटोतली बाई शोधत बसतं.

काढलेला फोटो मोठा करून डोळे बघा. बुबुळात उजेडाचा पांढरा ठिपका दिसला तर जागा बरोबर आहे. नसेल तर हनुवटी जरा वर, किंवा स्टूल वीतभर दाराकडे, आणि परत काढा. दोन्ही फोटो जमले की आपल्या नावानं मोबाइलमध्ये जपून ठेवा आणि एक प्रत गटाच्या सचिव ताईंकडे देऊन ठेवा, अर्जाच्या शेवटच्या दिवशी सोलापूरला धावायला नको.