घरी जुळवलेला संगणक सुरू का होत नाही?

दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेस ही दिल्ली विकास प्राधिकरणाने वसवलेली व्यापारी वसाहत होय. कार्यालयांसाठी उभारलेल्या या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर आणि त्यांच्यामधील फरसबंद चौकात गेली कित्येक दशके संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार भरत आला आहे. मुंबईकर वाचकाने लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, डोळ्यांसमोर आणला की या बाजाराची कल्पना येईल. नोएडा, गाझियाबाद किंवा फरिदाबाद येथील विद्यार्थी मेट्रोने येथे येतो, दहा दुकानांत भाव विचारतो आणि मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस व कॅबिनेट घेऊन घरी परततो.

निरनिराळ्या कारखान्यांत तयार झालेले हे भाग एकमेकांशी जुळतात, यामागे थोडा इतिहास आहे. 1981 च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला; त्याची रचना उघड असल्यामुळे इतरांनाही त्याला जुळणारे भाग बनवता आले. भारतात 1984 च्या नोव्हेंबरात जाहीर झालेल्या संगणकविषयक धोरणाने आयातीवरील निर्बंध सैल केले. पुढे 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचे प्रमाण मांडले, आणि मदरबोर्डचा आकार, त्यावरील स्क्रूंची छिद्रे व विद्युत्पुरवठ्याची जोडणी ही सर्व निश्चित झाली.

परंतु भाग जुळले म्हणजे संगणक चालू झाला असे नव्हे. पहिल्यांदा बटन दाबल्यावर पडदा काळाच राहतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. अनेक महिन्यांची बचत खर्ची पडलेली असल्यामुळे माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस एकामागून एक भाग काढू व बसवू लागतो. खरे नुकसान येथेच होते. मुळात सदोष असलेला भाग दुकानदार बदलून देतो. पण सॉकेटमधील पिन वाकली असेल तर ती हाताळणीतील चूक समजली जाते आणि हमी लागू होत नाही. म्हणून पेचकस उचलण्यापूर्वी यंत्र कोठपर्यंत पोहोचून थांबले, हे पाहावयास हवे.

संगणक सुरू होण्याच्या क्रियेला ‘बूट’ म्हणतात. स्वतःच्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलण्याच्या अशक्य कसरतीवरून हा शब्द आला आहे. मराठीत त्याला ‘उत्थापन’ वगैरे प्रतिशब्द सुचवता येतील, परंतु दुकानात ते कोणालाही कळणार नाहीत. तेव्हा येथे ‘बूट’ हाच शब्द ठेवला आहे. कल्पना मात्र अर्थपूर्ण आहे: ज्या यंत्राला अद्याप काहीच ठाऊक नाही, त्याने काय करावे हे त्याला कोणी सांगावयाचे?

कॅबिनेटवरील बटन प्रत्यक्षात केवळ दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडते. भिंतीवरील बटन चालू असताना एसएमपीएसमधून मदरबोर्डला 5 व्होल्टचा अल्पसा पुरवठा सतत मिळत असतो. त्या बळावर मदरबोर्ड हिरव्या तारेतून संदेश देतो, आणि मग एसएमपीएस 12, 5 व 3.3 व्होल्टचा मुख्य पुरवठा सुरू करतो. हे दाब स्थिर झाले की राखाडी तारेतून ‘पुरवठा ठीक आहे’ असा उलट संदेश जातो. यास अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागत नाही. तोपर्यंत प्रोसेसरला रोखून धरलेले असते. नंतर तो मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायम साठवलेल्या सूचना वाचू लागतो. या सूचनांच्या संचाला पूर्वी बायॉस म्हणत. आज त्याची जागा यूईएफआयने घेतली असली तरी बोलण्यात बायॉस हेच नाव टिकून आहे. हा संच रॅम तपासतो, पडद्याची व्यवस्था शोधतो आणि सर्वांत शेवटी कार्यप्रणाली असलेल्या डिस्ककडे वळतो.

बटन दाबूनही पंख्याचे पाते हलत नसेल, तर दोष या साखळीच्या अगदी आरंभी आहे. एसएमपीएसच्या मागील बाजूस असलेले लहान बटन बंद राहिले आहे काय, 24 पिनांची जोडणी शेवटपर्यंत बसली आहे काय, हे प्रथम पाहावे. नंतर कॅबिनेटच्या बटनाची तार काढून त्या दोन पिनांना पेचकसाच्या टोकाने क्षणभर स्पर्श करावा. यंत्र सुरू झाले तर दोष बटनाचा किंवा तार चुकीच्या पिनांवर लावल्याचा. एसएमपीएसची पेटी मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. वीज बंद केल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये घातक भार शिल्लक राहू शकतो.

पंखे एकदा फिरून तत्काळ थांबत असतील, तर कोठेतरी दोन मार्ग एकमेकांना भिडत असण्याचा संभव असतो व एसएमपीएस स्वसंरक्षणार्थ बंद होत असतो. मदरबोर्डखाली पितळी आधार बसवतात. त्यांपैकी एखादा छिद्र नसलेल्या जागी राहिला, तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून नेमके हेच घडवतो.

सर्वांत गोंधळात टाकणारी अवस्था म्हणजे पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडद्यावर काहीच दिसत नाही. प्रोसेसरला 12 व्होल्टचा पुरवठा स्वतंत्र, बहुधा 8 पिनांच्या, जोडणीतून होतो. ही जोडणी बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात असल्यामुळे नवखा तिला हमखास विसरतो. ग्राफिक्स कार्डाची 8 पिनांची तार तशीच दिसते, परंतु तिच्यातील तारांचा क्रम उलट असतो. ती बळाने खुपसू नये. दुसरे कारण इतके साधे आहे की ते कोणी तपासतच नाही: मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली असते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेर एफ हे अक्षर येते, त्यांत चित्र दाखवण्याची सोयच नसते. नेहरू प्लेसमध्ये ते थोडे स्वस्त मिळतात म्हणून घेतले जातात, एवढे लक्षात ठेवलेले बरे.

त्यानंतर रॅम. तिची पट्टी वाटते त्यापेक्षा अधिक जोराने दाबावी लागते. शंका असल्यास एकच पट्टी, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, लावून पाहावी. डीडीआर 5 प्रकारची रॅम असल्यास पहिल्या वेळी बोर्ड तिच्याशी मेळ साधण्यात काही मिनिटेही घालवतो. या काळात पडदा काळाच असतो, आणि धीर सुटून वीज बंद करणारा माणूस चांगल्या यंत्राला नादुरुस्त ठरवतो. अलीकडील अनेक बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट यांच्यासाठी चार लहान दिवे असतात. जो दिवा लागून राहील तेथे यंत्र अडले आहे. जुन्या बोर्डांत हेच काम लहान स्पीकरच्या शिट्ट्या करीत.

कधी सर्व भाग निर्दोष असूनही जमत नाही. 2018 मध्ये आलेल्या बी 450 बोर्डाला 2020 च्या रायझन 5000 मालिकेची ओळख नसते. बायॉसची नवी आवृत्ती भरल्यावरच तो तिला स्वीकारतो. एवढ्यानेही उलगडा न झाल्यास बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा आणि प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम व एसएमपीएस इतक्यावरच चालवून पाहावा. प्रोसेसरमध्ये चित्राची सोय नसेल तर ग्राफिक्स कार्डही हवे. मग एकेक भाग वाढवत जावे.

बायॉसचा पडदा दिसून ‘बूट करण्याजोगे साधन नाही’ असा संदेश आला, तर नवख्याने खचून जाऊ नये. नवी डिस्क कोरीच असते. संदेशाचा अर्थ एवढाच की बाकी सर्व साखळी शाबूत आहे व आता कार्यप्रणाली भरावयाची आहे. रॅमचा वेग वाढवल्यावर यंत्र अडले असेल तर वीज पूर्ण तोडून बोर्डावरील 3 व्होल्टचा बटन सेल काही मिनिटे काढून ठेवावा. मूळ मांडणी परत येते.

दिल्लीकडच्या जुन्या घरांत भिंतीतील तिसऱ्या छिद्राला अर्थिंग जोडलेले नसते, ही गोष्ट वेगळी. अशा ठिकाणी कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात. हे काम विजेच्या जाणकाराकडून करून घ्यावे. हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर अंगात असताना बोर्ड हाती धरण्यापूर्वी एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करावा.

आणि बोर्ड खरोखरच सदोष निघाला, तर प्रोसेसर बसवताना निघालेले प्लास्टिकचे झाकण सॉकेटवर पुन्हा लावूनच तो दुकानात न्यावा. काउंटरवरचा माणूस बिलाच्याही आधी ते झाकण उचलून पिना पाहतो.